अकरा घरांचा एकच नंबर

वडखेडी, ता. काटोल
१३ नोव्हेंबर २०२५

अश्लेषा पोरी,

पाकीट पाहून दचकू नको, कोणी मेलं नाई. फोन काहून नाई केला म्हणशील. सोमवारपासून मले फोनचा राग येऊन राहिला. पोस्टाचं पाकीट तरी गोंदानं चिकटते, फाडल्याबिगर उघडत नाई. म्हणून हे पत्र. तुही मावशी दहावी पास आहे, लिहिता येते मले.

तुले माहीतच आहे, बावीस वर्षांपासून मी ट्रस्टच्या दवाखान्याची सेविका म्हणून चार गावं फिरते. बीपी, शुगर, बाळंतपणं, अन् आपल्या भागातली मोठी डोकेदुखी म्हणजे सिकलसेल, मायबापाकडून रगतात येणारी बिमारी, तिची तपासणी. मागच्या वर्षी आमच्या हातात टॅब दिला अन् त्यात ते ‘सुखरूप’ अॅप. नागपुरात मिहानले तुही कंपनी आहे, तिनंच बनवलेलं. मी तं गावभर मिरवत होती, माह्या बहिणीची पोट्टी तिथंच आहे, बिनधास्त नाव सांगा म्हणून.

आता ऐक. इथल्या एका पोरीचं साक्षगंध ठरलं होतं. नाव लिहीत नाई. लग्नाआधी तपासून घे असं मीच तिच्या मागं लागली. ती वाहक निघाली. वाहक म्हणजे तिले स्वतःले काही होत नाई, ती धडधाकट आहे. फक्त नवराही वाहक निघाला तं लेकराच्या आंगात बिमारी उतरू शकते. म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं होतं, पोराले आपणच शांतपणे सांगू, त्याचीही तपासणी करू, मंग साक्षगंध. मी तिले शब्द दिला होता, तुही गोष्ट माह्या अन् ट्रस्टच्या डॉक्टरीनबाईच्या पलीकडं जाणार नाई.

सोमवारी सकाळी नत्थूजीच्या किराणा दुकानात त्याच्या फोनवर मेसेज आला. त्यानं नेहमीसारखा काउंटरवरून मोठ्यानं वाचला. अमक्याची अमकी, वय चोवीस, सिकलसेल वाहक. दहा-बारा जण चहा पीत होते. त्यात पोराच्या बापाचा माणूस, संत्र्याचा सौदा करायले आलेला. दुपारी निरोप आला, साक्षगंध होत नाई.

बाप्पा, त्या पोरीचं तोंड पाहवत नाई. अन् त्याहून वाईट म्हणजे काल तीन बायांनी मले पाहून दार लोटून घेतलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मेसेज नत्थूजीच्या फोनवर कसा गेला ते मले विचारू नको, तू तुह्या कंपनीले विचार. मले उत्तर पाहिजे, सॉरी नको.

कौसल्यामावशी


बेसा, नागपूर
१८ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र मिळालं. वाचून खूप वाईट वाटलं.

मी ऑफिसात चौकशी केली. अॅपमध्ये नोंदणीच्या वेळी जो नंबर टाकलेला असतो, त्याच नंबरवर मेसेज जातो. दुसरीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे त्या मुलीची नोंदणी करताना नंबर चुकला असणार. इतक्या जणांची नावं भरायची म्हटल्यावर एखाद्या वेळी होतं असं, तू मनाला लावून घेऊ नको. आमचे मॅनेजर रोहितसर ट्रस्टशी बोलून घेणार आहेत.

एक विनंती आहे. हे सगळं लेखी कुठे देऊ नको, निदान सध्या. कंपनीला आणखी सहा जिल्ह्यांचं काम मिळायचं आहे आणि असं काही बाहेर गेलं तर चांगल्या अॅपचं उगाच नाव खराब होईल.

मुलीचं लग्न दुसरीकडे जमेल. तब्येतीला जप.

तुझी,
अश्लेषा


वडखेडी
२३ नोव्हेंबर

अश्लेषा,

ते पत्र होतं का नोटीस? ‘मुलीचं लग्न दुसरीकडे जमेल.’ हे तू लिहिलं? ज्या पोट्टीले मी न्हाऊ-माखू घातलं तिनं? वाचून मी दारातून मोठ्यानं म्हटलं, वा वं अश्लेषा, वा.

आता माही गोष्ट. पहिल्या पत्रात मी एक लपवलं. नंबर चुकला नव्हता. मीच टाकला होता, जाणूनबुजून. त्या गल्लीतल्या अकरा घरांसाठी मी नत्थूजीचा नंबर दिला आहे.

काहून, तं ऐक. बायांजवळ फोन कुठं आहे? घरात एक फोन, तो नवऱ्याच्या खिशात, नवरा वावरात. अन् नवऱ्याचा नंबर द्यायचा नसते, हे तुमच्या कंपनीत कोणाले समजत असंल तं मले सांग. कोणी लेकरू नको म्हणून सुई घेते, कोणी माहेरी असताना टीबीचं औषध घेतलं ते सासरी सांगत नाई. नंबर रिकामा ठेवला तं तुमचं अॅप पुढचं पान उघडत नाई. नत्थूजीचं दुकान म्हणजे आमच्या गल्लीचा फोन. वीस वर्षांपासून दवाखान्याचा निरोप तिथंच येते, अन् तो काउंटरवरून हाक मारते, ‘भागीरथाबाई, दवाखान्यात बोलावलं वं!’ तेवढंच. अॅपचा मेसेजही आधी तेवढाच होता, रिपोर्ट तयार आहे, सेविकेला भेटा. दिवाळीच्या वेळी अॅप आपोआप बदललं अन् नाव, वय, बिमारी, सगळं मेसेजमध्ये यायले लागलं, वरून पूर्ण रिपोर्टची लिंक. मले कोणी सांगतलं? नत्थूजीनं जे वीस वर्षं केलं तेच केलं. बिचारा आता दुकानात खाली मान घालून बसते.

चूक माही आहे. मी अकराही घरी गेली अन् सांगतलं, नंबर मी दिला, मले माफ करायचं का नाई ते तुम्ही ठरवा. दोघींनी शिव्या दिल्या. बरोबर दिल्या. शालिकरामच्या वंदनाकडं सगळ्यात शेवटी गेली, तिचीच ती गोष्ट. ती म्हणे, ‘काकू, तुमच्या पत्रात माहं नाव लिहा. गावाले माहीत झालं, आता लपवायचं काय?’ तिनं सांगतलं म्हणून लिहून राहिली.

गुरुवारी ट्रस्टचा एक साहेब आल्ता. कागद पुढं केला. ‘संबंधित सेविकेच्या निष्काळजीपणामुळे चुकीचा क्रमांक नोंदवला गेला, अॅपमध्ये कोणताही दोष नाही’, खाली सही करा. मी नाई केली. माह्या चुकीचा कागद मी माह्या हातानं लिहीन, दुसऱ्याचं पाप झाकायले नाई. टॅब त्याच्यापुढं ठेवला अन् म्हटलं, ह्याच्यात मी आता एकाही बाईचं नाव टाकणार नाई. घरी बसवायचं तं बसवा.

एक विचारते. तुहं काम नेमकं काय आहे त्या कंपनीत? इतकी वर्षं मिरवली, पण विचारलंच नाई कधी.

मावशी


बेसा
२९ नोव्हेंबर

मावशी,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

माझं काम टेस्टिंगचं. दुसऱ्यांनी बनवलेल्या अॅपमधली खोट शोधून काढायची, लोकांच्या हातात जायच्या आधी. ‘सुखरूप’ माझ्याचकडे होतं.

सप्टेंबरमध्ये मला दिसलं की नव्या मेसेजमधली लिंक उघडायला काहीच लागत नाही. ना पासवर्ड, ना ओटीपी. ज्याच्या हातात मेसेज त्याला रिपोर्ट. आणि लिंकच्या शेवटी एक आकडा असतो, तो बदलला की दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडतो. पुन्हा बदलला की तिसऱ्याचा. तुझ्या चार गावांचीच नाही, जेवढ्यांची नोंद आहे त्या सगळ्यांची कपाटं उघडी आहेत. मी रोहितसरांना लिहून दिलं. ते म्हणाले, दिवाळीआधी द्यायचंय, हे पुढच्या खेपेला बघू, खेड्यात कोण बसलंय आकडे बदलत? मी वाद घातला नाही. ‘तपासलं, ठीक’ यावर टिक केली आणि घरी येऊन चिवडा केला.

तुझं दुसरं पत्र आल्यावर मी ते पुन्हा करून पाहिलं. अजून उघडतं. पहिलं नाव दिसताच मी स्क्रीन बंद केली, पण नाव वाचायचं ते वाचून झालंच होतं.

आणि मावशी, तो कागद. ‘संबंधित सेविकेच्या निष्काळजीपणामुळे.’ तो मी लिहिला. रोहितसर म्हणाले, तुझं मराठी चांगलं आहे, ट्रस्टसाठी चार ओळी लिहून दे. सेविका कोण आहे हे मला माहीत होतं. नाव घालायचं नव्हतं म्हणून सोपं गेलं.

तू मला पुन्हा दारात उभी करू नकोस, मी काही म्हणणार नाही. पण आता हे ऐक. काल मी तुमच्या डॉक्टरीणबाईंना, ट्रस्टच्या डॉ. सुहासिनीबाईंना, सगळं लिहून पाठवलं, सप्टेंबरमधल्या माझ्या रिपोर्टच्या प्रतीसकट, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं. रोहितसरांनाही प्रत दिली, म्हणजे पाठीमागून केलं असं कोणी म्हणायला नको. राजीनामा मी देणार नाही. काढायचं असेल तर काढा आणि कारण कागदावर लिहून द्या, असं सांगून आले आहे.

तुझ्या बायांना सांग, आपली माहिती काढून टाका असं मागता येतं. त्यासाठी नवा कायदा आलाय. पूर्ण लागू व्हायला वेळ आहे म्हणतात, पण मागायला कोणी अडवलंय? एकेकीचा वेगळा अर्ज लिहून घे. सगळ्यांचा मिळून एकच दिला तर तो एकाच फाइलीत जाऊन झोपतो.

अश्लेषा


वडखेडी
९ डिसेंबर

पोरी,

त्या कागदाची भाषा पाहूनच मले शंका आल्ती. इतकं शुद्ध मराठी त्या साहेबाच्या बापालेही येत नाई.

खूप रडली मी. दोन दिवस भाकर गोड लागली नाई. मंग म्हटलं, कौसल्या, तू तरी पहिल्या पत्रात कुठं खरं बोलली? तूही कंपनीवर ढकललंच ना? तुहा राग आहे अजून, खोटं कशाले सांगू. पण तू सही केली तुह्या नावानं, तवा दार उघडं आहे. ये कधी बी.

आता इकडचं. अर्ज एकेचाळीस झाले! वंदना अन् मी घरोघरी बसून लिहिले. भागीरथाबाई सत्तरीची, अंगठेबहाद्दर, पण मजकूर तिनं स्वतः सांगतला अन् एक अक्षर बदलू दिलं नाई. ‘माह्या आंगातलं रगत माहं आहे, तं त्याची गोष्टही माहीच आहे. मले न विचारता सांगतली, ती आता पुसा.’ डॉक्टरीनबाईच्या हातात नेऊन दिले मी एकेचाळीसही. तिनं भागीरथाबाईचा दोनदा वाचला.

माह्या जागी ट्रस्टनं एक नवी पोरगी धाडली, टॅब घेऊन. तिचा काही दोष नाई, गरीब आहे बिचारी. बायांनी तिले बसवलं, चहा पाजला, पिशवीभर संत्री दिली. नाव एकीनंही सांगतलं नाई. ‘तुमचं नाव काय?’ विचारलं की ‘साखर कमी झाली का वं चहात?’ संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. मले हसूही आलं अन् डोळे बी भरून आले. मी तं समजून होती, आता ही गल्ली मले उभी करत नाई.

नत्थूजीकडं तुमच्या कंपनीचा माणूस आल्ता. म्हणे, फोन द्या, तो मेसेज काढून देतो, वरून नवीन सिमकार्ड घ्या. नत्थूजी उठून उभा राहिला. ‘ह्या मेसेजनं माह्या तोंडून एका पोरीचं साक्षगंध मोडलं. हा मेसेज डॉक्टरीनबाईनं पाहिल्याबिगर माहा फोन कोणाच्या हातात जाणार नाई. निघा.’ इतकं बोलताना मी त्याले जन्मात पाहिलं नव्हतं. आता तं लाइटबिलाचा मेसेज आला तरी तो वाचून दाखवत नाई, म्हणते ज्याचं त्यानं पाहा.

अन् वंदना! बुधवारी ती काटोलले फळबाजारात गेली, एकटी. पोराचा बाप गोपाळराव तिथं संत्र्याचा व्यापार करते. लिलाव चालू होता. ती समोर उभी राहिली अन् म्हणे, ‘मी वाहक आहे, बिमार नाई. मले चोरून काही सांगायचं नव्हतं, सांगणारच होती. तुमच्या धर्मेंद्रची तपासणी झाली का? नसंल झाली, तं कोणाचं रगत कसं आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?’ अन् पाहत राहिली. ती दुपारच्या गाडीनं घरी आली अन् म्हणे, काकू, भूक लागली.

मावशी


बेसा
२० डिसेंबर

मावशी,

बातमी आधी देते. अॅप बंद! निदान दुरुस्त होईपर्यंत. मेसेज तर बैठकीच्या दिवशीच थांबवले.

सुहासिनीबाईंनी आम्हा सगळ्यांना बैठकीला बोलावलं होतं, कंपनीचे लोक, ट्रस्टचे लोक आणि नत्थूजी. रोहितसर पंधरा मिनिटं बोलले, पडद्यावर चित्रं दाखवली, सगळं कसं कुलूपबंद आहे ते. बाईंनी ऐकून घेतलं. मग नत्थूजींचा फोन मागितला, वंदनाच्या मेसेजची लिंक स्वतः उघडली आणि शेवटचा आकडा बदलला. कोणाचा तरी रिपोर्ट आला. बाईंनी फोन लगेच पालथा ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘ह्या माणसाला मी काय सांगू, रोहित?’ एकेचाळीस अर्जांचा गठ्ठा त्यांच्यासमोर होता. ज्यांनी अर्ज दिले त्यांची माहिती आधी काढा, मग पुढचं बोला, असं त्यांनी सांगितलं.

मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. कंपनीची गोपनीय कागदपत्रं बाहेर दिली म्हणून. गोपनीय! मी उत्तरात लिहिलं की गोपनीय काय असतं हे आपल्याला समजलं असतं, तर ही वेळच आली नसती. काही जण डबा खाताना माझ्या टेबलावर बसत नाहीत. एक जण म्हणाली, मोठी शहाणी. म्हटलं, हो, उशिरा झाले, पण झाले. नोकरी राहील का जाईल, माहीत नाही. पण मावशी, कितीतरी दिवसांनी मी नीट जेवून राहिले.

आता खरं ते विचारते. आईकडून कळलं की धर्मेंद्र तुझ्याकडे आला होता, भर दुपारी, नत्थूजींच्या दुकानासमोर सगळ्यांदेखत, तपासणी करायला! मला तर टाळ्या वाजवाव्या वाटल्या. रिपोर्ट पण आला म्हणे. काय निघालं गं? तो पण वाहक आहे का? लग्न होणार ना? सांग ना, माझा जीव लागलाय त्यात. मी कोणाला सांगणार आहे? आणि आता तर आपल्या दोघींत काही लपवायचं नाही असं ठरलंय.

अश्लेषा


वडखेडी
२८ डिसेंबर

अश्लेषा,

तुही नोटीस वाचली अन् उत्तरही वाचलं. शाब्बास. तुह्या टेबलावर कोणी बसत नसंल तं डबा घेऊन इथं ये, अकरा घरं आहेत बसायले.

त्या बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीनबाईनं मले कामावर परत बोलावलं. सिकलसेलसाठी सध्या रजिस्टर चालू केलं आहे, नावाऐवजी खुणेचा आकडा, अन् आकडा कोणाचा ते दुसऱ्या वहीत. ती वही कपाटात, किल्ली बाईजवळ. अॅप दुरुस्त झालं तं आधी बायांपुढं ठेवा, त्यांच्या हातानं उघडून पाहू द्या, तवाच मी टॅब घेईन असं सांगून आली. बाई हसली, नाई म्हणाली नाई.

हौ, धर्मेंद्र आल्ता. मोटरसायकल दुकानासमोर लावली, बाही वर केली अन् सगळ्यांले ऐकू जाईल असं म्हणे, ‘काकू, माहं रगत घ्या.’ आला हे लपवायचं नाई, असं त्यानंच सांगतलं. म्हणून तेवढं लिहिते.

रिपोर्ट बंद पाकिटात आला. त्या दिवसापासून माह्या ओट्यावर जत्रा आहे. गोपाळराव आला. ‘मी बाप आहे त्याचा.’ म्हटलं, हौ, बाप आहात, बसा, पाणी घ्या. रिपोर्ट त्याचा आहे, त्याले विचारा. लाल होऊन गेला. त्यानं ट्रस्टमधल्या कोणाले तरी फोन लावला, त्यानं मले लावला, म्हणे, एवढं काय त्यात, सांगून टाका. मी फोन ठेवून दिला. नत्थूजी तोंडानं नाई विचारत, पण रोज सकाळी चहा पाठवून राहिला, मले समजत नाई का?

सगळ्यात कठीण शालिकराम. वंदनाचा बाप. हात जोडून उभा राहिला दारात. ‘बाई, माह्या पोरीच्या जन्माचा सवाल आहे. तुमच्याचमुळं मोडलं, तुम्हीच सांगा.’ खरंच बोलत होता तो, माह्याचमुळं मोडलं. तरी म्हटलं, नाई भाऊ. एकदा तुमच्या पोरीची गोष्ट माह्या हातून गेली, आता दुसऱ्याच्या पोराची जाऊ देत नाई. तो पाठ फिरवून गेला. मी उभीच राहिली दारात.

पाकीट धर्मेंद्रनं स्वतः फोडलं. माह्यासमोर वाचलं, मी समजावून सांगतलं, अन् तो सरळ वंदनाकडं गेला. दोघं तिच्या ओट्यावर दीड तास बोलत बसले होते, उजेडात, सगळ्या गल्लीसमोर. काय बोलले ते त्यांले माहीत. काय ठरवलं ते त्यांले वाटंल तवा सांगतील.

अन् आता तू विचारून राहिली, काय निघालं. मी कोणाला सांगणार आहे, म्हणते. बाई वं, दुकानात चहा पिणारा एकेक जण हेच म्हणून राहिला! तू माह्या बहिणीची पोट्टी आहे, माह्यासाठी नोकरी पणाले लावली, तुह्यावर माहा जीव आहे. तरी तुलेही सांगणार नाई. राग येईल, येऊ दे. पुढच्या महिन्यात इकडं ये अन् तुही तपासणी कर. मंग तुहं काय निघालं ते तुह्या मायनं माहे पाय धरले तरी तिले माह्या तोंडून कळणार नाई.

कौसल्यामावशी